पठारावरच्या जुन्या पवनचक्क्या बदलताना जमीनवाल्यांना मालकीत हिस्सा मिळावा का?

पठारकर: सातारा जिल्ह्यातल्या चाळकेवाडी-वनकुसवडेच्या बऱ्याच मशिनी आता वीस-पंचवीस वर्षांच्या झाल्या. पाव-अर्ध्या मेगावॅटच्या या मशिनी काढून तिथं दोन-तीन मेगावॅटच्या बसवायच्या, असं केंद्राचं २०२३ चं धोरण आहे. मागच्या खेपेला एजंट आले, खडकाळ माळ म्हणून कवडीमोलानं जमिनी गेल्या आणि घसारा (मशीन झिजते म्हणून दाखवायचा खर्च) दाखवून आयकर वाचवला बाहेरच्या कंपन्यांनी. आता नुसतं भाडं नको, गावची संस्था काढून भागीदारी हवी. कोपनहेगनजवळच्या समुद्रात मिडलग्रुंडनला २० पवनचक्क्या आहेत, त्यातल्या निम्म्या लोकांच्या सहकारी संस्थेच्या. सहकार आपल्याला काय नवा आहे?

हिशेबी: नवा नाही म्हणूनच भीती वाटते. ऊस घालून बिलासाठी हेलपाटे कोण मारतं? बरं, मेगावॅटला सहा-सात कोटी धरा. तीन मेगावॅटची एक मशीन म्हणजे वीस कोटी. बँकेनं ७० टक्के दिले तरी सहा कोटी गावानं घालायचे. आपल्याकडं जत्रेची वर्गणी दिवाळीपर्यंत गोळा होते! त्यात २०१७ पासून विजेचे दर लिलावात ठरतात, पहिल्याच लिलावात युनिटला ३.४६ रुपयांवर आले. आणि खरा वारा पावसाळ्यातला, हप्ता मात्र बारा महिने.

ढालगावचा: आमच्याकडं सांगली जिल्ह्यात वेगळंच दुखणं आहे. कित्येकांनी भाड्यानं दिलीच नाही, खरेदीखत करून दिलंय. सातबाऱ्यावर नावच नाही, तर हिस्सा कुठल्या तोंडानं मागायचा?

पठारकर: रस्त्याच्या तोंडानं. नव्या मशिनीचं एकेक पातं साठ-सत्तर मीटरचं असतं. घाटातल्या वळणांवरून ते वर न्यायचं तर रस्ता रुंद करावा लागतो, आणि कडेची रानं अजून आपलीच आहेत. तिथंच अडून बसायचं. शिवाय मोठ्या मशिनी लांब लांब बसतात, म्हणजे पाच-सहा जुन्या जागांमागं एखादीच नवी. ज्याच्या रानात बसली त्यालाच पैसे दिले तर भावकीत डोकी फुटतील. हिस्सा अख्ख्या पठाराचा धरा.

रानवाटा: मालक कुणीही असो, पातं तेच. चाळकेवाडीच्या पठारावरचा २०१८ चा अभ्यास आहे: पवनचक्क्यांजवळ शिकारी पक्षी कमी झाले आणि सरडे वाढले. गावची संस्था झाली की हा विषय काढणाराच गावद्रोही ठरेल.

ढालगावचा: पक्ष्यांचं खरंय. पण आमच्याकडं या मशिनी ढग पळवतात म्हणून बोंब होती, तेव्हा कुणी अभ्यास घेऊन आलं नाही.

हिशेबी: रस्त्याचा मुद्दा पटला, भागीदारीचा नाही. तोट्यात वाटा कशाला घ्यायचा? विकलेल्या युनिटमागं ठरावीक पैसे मागा, बँकेची कटकट नाही.

पठारकर: आणि युनिटं किती झाली ते सांगणार कोण? कंपनीच ना?

हिशेबी: सबस्टेशनला दर महिन्याला महावितरण आणि कंपनी मिळून मीटर वाचतात. त्या कागदाची प्रत ग्रामपंचायतीला मिळेल, एवढी अट करारात घाला.

पठारकर: घालू. पण रस्त्याची सही त्यानंतरच.