रोमन डिक्टेटरला 'हुकूमशहा' म्हणावं का?

मुलांसाठी रोमच्या गोष्टी लिहितेय, सिन्सिनाटसपाशी अडलेय. इ.स.पू. ४५८. गडी शेतात राबतोय, सिनेटची माणसं येतात. तो बायकोला झोपडीतून टोगा (रोमन नागरिकाचं मानाचं वस्त्र) आणायला सांगतो, घाम पुसून अंगावर घेतो, आणि मग त्याला कळतं की आपण डिक्टेटर झालोय. लढाई जिंकून सोळाव्या दिवशी पद सोडतो. याला 'हुकूमशहा' म्हटलं तर पोरांच्या डोळ्यांपुढे हिटलर उभा राहील. दुसरा शब्द आहे का?

>> 'हुकूम' ठीक आहे. मूळ लॅटिन धातूचा अर्थच 'तोंडाने सांगणे'. खटकतो तो 'शहा'. राजाला हाकलल्यापासून रोमनांना 'राजा' या शब्दाचंच वावडं होतं. डिक्टेटर नेमायचा कॉन्सल (रोमच्या दोन सर्वोच्च अधिकाऱ्यांपैकी एक), तोही एका ठरावीक कामासाठी, फार तर ६ महिने. मग 'कुलमुखत्यार' का नको? अधिकार सगळे, पण दुसऱ्याने दिलेले.

>> 'कुलमुखत्यार' वाचून मला सातबारा आणि स्टॅम्पपेपर आठवला! शिवाय मुखत्यारपत्र देणारा ते रद्द करू शकतो. इथे उलटं. नेमणारा कॉन्सलच त्याच्या हाताखाली जायचा. कॉन्सलपुढे १२ लिक्टर (काठ्यांची मोळी घेतलेले शिपाई) चालायचे, याच्यापुढे २४, आणि शहरातसुद्धा मोळीत कुऱ्हाडी खोचलेल्या. हा मुखत्यार कसला, धनीच की. मी 'सर्वाधिकारी' लिहीन. मुदत शब्दात मावत नाही, ती वाक्यात घाला: 'सहा महिन्यांचा सर्वाधिकारी'.

(आणि हो, कोशात कॉन्सलला 'वाणिज्यदूत' दिलंय म्हणून तेवढं उचलू नका. कॉन्सल झालेला सिसेरो व्हिसाचे शिक्के मारत बसेल.)

>> 'सर्वाधिकारी' आवडला. पण पुढच्या काळातले सेनापती सुल्ला आणि सीझर? त्यांनाही तोच?

>> सुल्लाला बिनधास्त 'हुकूमशहा' म्हणा. इ.स.पू. ८२ मध्ये त्याने मुदतीशिवाय पद घेतलं आणि मारायच्या माणसांच्या याद्या चौकात लावल्या. सीझरची मात्र गंमत आहे. इ.स.पू. ४४ च्या सुरुवातीला तो आजन्म डिक्टेटर झाला, पण लुपरकालियाच्या सणात त्याचा साथीदार अँटनीने मुकुट पुढे केला तेव्हा लोकांदेखत नको म्हणाला. म्हणजे हुकूम ठेवला, शहा परत केला. महिन्याभरात त्याचा खून झाला, आणि पुढे त्याच अँटनीने कायदा करून डिक्टेटरपदच मोडीत काढलं.

>> सिन्सिनाटसला 'सर्वाधिकारी' करून टाकला. सीझरपाशी पोचले की पुन्हा त्रास द्यायला येईन.