मदत हवी आहे: चुनखडीच्या जुन्या भिंतीतल्या सिमेंटच्या दरजा (दगडांमधले सांधे) कशा काढाव्यात?

नमस्कार मंडळी,

टेक्ससमध्ये फ्रेडरिक्सबर्गजवळ एका मित्राने रँच घेतलाय. घरामागे दोन मजली दगडी टँक हाऊस (वर पाण्याची टाकी, खाली खोली) आहे, आणि त्याच्या डागडुजीत मी स्वतःहून उडी मारलीय. (बायको म्हणते, रँच त्याचा, डोकेदुखी आपली.)

१८४६ मध्ये जर्मन लोकांनी हे गाव वसवलं. आसपास त्यांच्या वंशजांची अशी बरीच बांधकामं आहेत. पवनचक्की विहिरीचं पाणी वरच्या टाकीत चढवायची, तिथून ते आपसूक घरात यायचं. दहा फूट उंचीला जेमतेम सव्वाचार पीएसआय (पाउंड प्रति चौरस इंच) दाब, पण तेव्हा घरात नळ हीच चैन. खालची खोली जाड भिंतींमुळे भर जुलैतही गार असते.

आता दुखणं. मूळ दरजा चुन्याच्या. आधीच्या कुणा मालकाने त्यांवर पोर्टलंड सिमेंट थापलंय. पूर्वी ओल दरजेतून बाहेर पडायची, आता सिमेंट वाट देत नाही म्हणून ती दगडातून निघते. चुनखडी मऊ, तिचे पोपडे सुटतात. दरजा ताठ उभ्या आणि दगड आत गेलेला, असं उलटंच चित्र झालंय. फेब्रुवारी २०२१ च्या कडाक्याच्या थंडीनंतर उत्तरेची बाजू जास्तच खराब झाली, असं शेजारी सांगतो.

एक गवंडी म्हणाला, ग्राइंडरने दोन दिवसांत मोकळं करतो. नको म्हटलं. उभ्या दरजा अर्धा इंचाच्या, चाक दगडात शिरणारच. मग मीच छिन्नी-हातोडी घेतली. एक शनिवार, दोन फूट दरज, आणि दोन दगडांच्या कडा उडाल्या!

इमारतीला टेक्सस हिस्टॉरिकल कमिशनचा वारसा दर्जा नाही, त्यामुळे बाहेरून हात लावण्याआधी ६० दिवसांच्या नोटिशीची भानगड नाही.

तर, जिथे सिमेंट घट्ट चिकटलंय तिथे ते तसंच ठेवावं का? नव्या दरजांना विरवलेला चुना आणि वाळू पुरेल, की नैसर्गिक हायड्रॉलिक चुना (पाण्यातही घट्ट होणारा) घ्यावा? वाईच्या आमच्या वाड्याला चुन्याच्या घाण्यात (दगडी चाकाखाली) मळलेला चुना वापरला होता आणि त्यात सुरखी (विटांची भुकटी) होती, असं आजोबा सांगायचे. इथल्या मऊ दगडाला सुरखी जड जाईल का? आणि या उन्हात ओली गोणपाटं किती दिवस बांधून ठेवायची?

वाड्यांचं, किल्ल्यांचं चुनाकाम प्रत्यक्ष केलेल्या कुणी सांगितलं तर फार बरं होईल. फोटो संध्याकाळी टाकतो.