मदत हवी आहे : नागपुरात काँक्रीट आणि काचेच्या घरासाठी काच कोणती घ्यावी?

बेसावासी :
बेसा भागातील आमच्या ३० × ५० फुटांच्या प्लॉटवर दुमजली घर बांधायचे असून, बैठकीची समोरची संपूर्ण भिंत काचेची आणि बाकीच्या भिंती एक्स्पोज्ड (प्लास्टर न केलेल्या) काँक्रीटच्या, असा आमच्या आर्किटेक्टचा आराखडा आहे. मे महिन्यात या घराची भट्टी होईल, असे वडिलांचे म्हणणे आहे. काच कोणती घ्यावी एवढेच कृपया लवकर सांगावे. नकाशा याच आठवड्यात मंजुरीसाठी द्यायचा आहे.

ऊनसावली :
समोरची म्हणजे कोणत्या दिशेची? मेअखेरीस आपल्याकडे भरदुपारी सूर्य जवळजवळ डोक्यावर असतो, त्यामुळे दक्षिणेच्या काचेला तेव्हा दोन फुटांचा छज्जाही पुरतो; पश्चिमेचे चार वाजताचे तिरपे ऊन मात्र छज्जाखालून थेट सोफ्यापर्यंत येते. घरात कूलर राहणार की एसी, हेही आपण लिहिलेले नाही.

काचतज्ज्ञ :
दिशेचा एवढा बाऊ करण्याचे कारण नाही. साध्या ६ मिमी पारदर्शक काचेतून उन्हाची सुमारे ८० टक्के उष्णता आत येते. सोलर कंट्रोल कोटिंगची (उष्णता अडवणाऱ्या लेपाची) दुहेरी काच घेतल्यास ती ३० टक्क्यांच्या आसपास आणता येते.

ऊनसावली :
भिंतभर काचेतून ३० टक्के म्हणजेही थोडे नव्हे. ऊन काचेवर पडण्याआधीच अडवावे लागते. चंडीगडच्या उच्च न्यायालयाला आणि सचिवालयाला वास्तुकार ल कॉर्ब्युझिए यांनी काँक्रीटचे खोल सूर्यरोधक (ऊन अडवणारे बाहेरचे पडदे) दिले, ते याचसाठी.

जाळीप्रेमी :
मुळात काच हवीच कशाला? वास्तुकार मीस व्हॅन डर रोहे यांचे १९५१ सालचे काचेच्या भिंतींचे घर, फार्न्सवर्थ हाऊससुद्धा उन्हाळ्यात तापत असे, आणि ते तर अमेरिकेतील इलिनॉयमध्ये आहे. विटांची जाळी आणि समोर खोल व्हरांडा करा, आमच्याकडे तेच आहे.

काळीमाती :
काचेचे नंतर पाहा, आधी माती तपासून घ्या. काळी माती पावसाळ्यात फुगते आणि उन्हाळ्यात आकसते. पाया उथळ राहिला तर प्लास्टर नसलेल्या काँक्रीटवरची प्रत्येक भेग उघडी दिसेल. अंडर-रीम्ड पाइलविषयी (तळाशी फुगीर केलेल्या, जमिनीत खोल जाणाऱ्या खांबांच्या पायाविषयी) स्ट्रक्चरल इंजिनिअरला अवश्य विचारा.

बेसावासी :
मातीविषयी मी विचारलेले नव्हते, तरी आभारी आहे. रस्ता पश्चिमेला आहे, त्यामुळे काचही पश्चिमेलाच येते. एसी फक्त आईवडिलांच्या खोलीत असेल, बाकी घरात कूलर.

ऊनसावली :
मग ही रचनाच बदला. कूलरची ओलसर हवा बाहेर पडायला वाट नसली तर तासाभरात खोलीत दमट होते, आणि आपली भिंतभर काच बंद चौकटीतली दिसते. पश्चिमेला जिना, न्हाणीघर आणि कपाटे घ्या. काच उत्तरेला, उघडणाऱ्या खिडक्यांसह. पश्चिमेची काँक्रीटची भिंत दिवसभर तापून रात्री उशिरापर्यंत आत उष्णता सोडते, म्हणून तिच्या आतून पोकळी ठेवून विटेचा थर द्यावा. काँक्रीटचे ओतकाम उन्हाळ्यात येत असेल, तर आयएस ४५६ या काँक्रीटच्या भारतीय मानकाप्रमाणे कोरड्या, उष्ण हवेत किमान १० दिवस पाणी मारावे लागते. ठेकेदार तिसऱ्याच दिवशी पाइप गुंडाळतात, तेव्हा हे करारातच लिहून घ्या.

बेसावासी :
उत्तरेला शेजाऱ्यांची दुमजली भिंत आहे.

ऊनसावली :
हे आता सांगता! दोन्ही भिंतींत सामासिक अंतर (मोकळी सोडायची जागा) किती सुटते, आणि पूर्वेला काय आहे?