प्रार्थना करूनही राग जात नाही, मूळ कुठे शोधायचं?

वाटसरू_७७

सगळ्यांना प्रभूच्या नावात सलाम. बरेच दिवस लिहू की नको असं चाललं होतं, आज लिहितोच. प्रभूला ओळखून १४ वर्षं झाली, बाप्तिस्मा झालाय, रविवारची उपासना चुकत नाही, सकाळी वचन वाचूनच घराबाहेर पडतो, आणि तरी घरात माझा राग म्हणजे सगळ्यांच्या डोक्यावर टांगती तलवार. हात उचलत नाही कोणावर पण आवाज असा चढतो की बायको खिडक्या लावून घेते.

परवाचंच सांगतो. मुलगा १० वर्षांचा आहे. शाळेच्या ट्रिपचे पैसे मी त्याच्याकडे दिलेत असं माझ्या डोक्यात पक्कं होतं आणि तो म्हणाला, पप्पा तुम्ही दिलेच नाहीत. एवढंच. मी जे सुरू झालो ते पंधरा मिनिटं थांबलो नाही. नंतर पैसे माझ्याच शर्टाच्या खिशात सापडले. रात्री त्याच्या खोलीत फक्त चार्जर घ्यायला गेलो तर मला दारात बघून त्याने खांदे वर घेतले आणि मान आत ओढली, मी तर तोंडही उघडलं नव्हतं. ते खांदे डोळ्यांसमोरून जात नाहीयेत.

आता मुद्दा. माझे वडील पण असेच तापट होते म्हणून एका प्रार्थना ग्रुपमध्ये सांगितलं की हा पिढीजात शाप आहे, तो तोडायला पाहिजे. उपास केले, हात ठेवून प्रार्थना झाली, दोन आठवडे घर शांत होतं मग परत तेच. दुसरे एक जण म्हणाले तुझा विश्वास कमी पडतोय. मला कळत नाही हे मूळ नक्की कशात आहे, शापात आहे, सैतानाचं काम आहे की मीच असा आहे? वरवरचं "राग आवर" ऐकून दमलोय. ज्यांनी खरंच आत जाऊन काही शोधलंय त्यांनी सांगा प्लीज.

मोहरीचा_दाणा

भाऊ, आधी एक विचारते, राग मानू नका. ऑफिसमध्ये साहेब बोलले तर तुमचा आवाज असाच चढतो का? मला वाटतं नाही चढत. म्हणजे आवरता येतो, आणि जिथे आवरला नाही तर नुकसान होईल तिथे बरोबर आवरला जातो. हे टोचून बोलायचं म्हणून नाही सांगत, मला स्वतःला हे कळलं तेव्हाच पुढचा रस्ता दिसला. आपण समजतो राग हे वादळासारखं बाहेरून येतं, पण ते माणूस बघून येतं.

बायबलमधल्या याकोबाच्या पत्राचा चौथा अध्याय काढा. तिथे सरळ प्रश्न आहे की तुमच्यात भांडणं येतात कुठून, आणि उत्तर पण तिथेच आहे, आतल्या वासनांमधून, तुम्हाला काहीतरी पाहिजे असतं आणि ते मिळत नाही. माझं चिंतेचं होतं. मुलगी दहा मिनिटं उशिरा आली की मी सतरा फोन करायचे. वर्षानुवर्षं "देवा माझी चिंता काढ" अशी प्रार्थना केली आणि ती प्रार्थनाच चुकीच्या ठिकाणी चालली होती. मला चिंता नको होती हे खरं, पण त्याहून जास्त मला सगळं माझ्या हातात पाहिजे होतं. देवावर भरवसा आहे असं साक्षीत सांगायचे आणि मुलीचं आयुष्य मात्र त्याच्या हातात सोडायला तयार नव्हते. ते एकदा त्याच्यापुढे तसंच्या तसं बोलले, रडले खूप, त्यानंतर हळूहळू पकड सुटायला लागली. अजून पूर्ण सुटली नाहीये.

तुम्ही एक करा, छोटी वही ठेवा. किती ओरडलात, कशामुळे चूक झाली ते लिहू नका. फक्त भडका उडायच्या आधीचं समोरच्याचं शेवटचं वाक्य लिहा, जसं ऐकलं तसं. आठवडाभर. मग बघा ती वाक्यं एकाच जातीची आहेत का.

खडकावरचं_घर

पिढीजात शापाबद्दल लिहायचंय कारण मी स्वतः यात चार वर्षं घालवली. कोणीतरी सांगितलं की आजोबांच्या कुठल्यातरी पापामुळे माझा धंदा बसत नाही, मग मी आजोबांची पापं शोधत बसलो, ज्यांना मी कधी पाहिलंही नव्हतं त्यांची. माझे स्वतःचे व्यवहार मात्र एकदाही तपासले नाहीत, आणि तिथे तपासण्यासारखं भरपूर होतं.

यहेज्केल १८ वाचा शांतपणे. लोक एक म्हण वापरत होते, बापांनी आंबट द्राक्षं खाल्ली आणि दात आंबले मुलांचे. देव म्हणतो ही म्हण आता चालणार नाही, मुलगा बापाच्या पापाचा भार वाहणार नाही. लोक निर्गम २० दाखवतात, बापाच्या पापाची शिक्षा तिसऱ्या चौथ्या पिढीपर्यंत जाते ते, पण तिथेच पुढे हजारो पिढ्यांवर दया पण लिहिलीये, ते कोणी वाचून दाखवत नाही. आणि योहान ९, जन्मापासून आंधळा माणूस, शिष्यांचा पहिला प्रश्न पाप कोणाचं, ह्याचं की आईबापाचं, आणि येशू म्हणतो दोघांचंही नाही. ईयोबावर एकामागून एक संकटं आली तेव्हा त्याचे मित्र सात दिवस सात रात्री गप्प बसले तोवर बरे होते, तोंड उघडून कारणं सांगायला लागले आणि शेवटी देवाचा कोप त्यांच्यावरच भडकला. त्यामुळे तुमचा विश्वास कमी आहे असं कोणी झटक्यात सांगितलं तर मनावर घेऊ नका.

पण म्हणून वडिलांचा काहीच संबंध नाही असंही नाही. मोठ्याने बोललं की घर ऐकतं हे तुम्ही लहानपणी पाहिलं आणि शिकलात. शिकलेलं आहे म्हणजे सोडताही येतं. सैतानाचं म्हणाल तर इफिसकरांस ४ मध्ये पौल दोन गोष्टी एका दमात सांगतो, सूर्य मावळेपर्यंत राग ठेवू नका आणि सैतानाला वाव देऊ नका. म्हणजे दार त्याने फोडलेलं नसतं, रात्रभर आपणच उघडं ठेवलेलं असतं. तुमच्या मुलावरचा राग पंधरा मिनिटांत संपतो, मग रात्रभर राहिलेला जुना राग कुठला आहे ते बघा.

निळी_छत्री

मी दवाखान्यात काम करते म्हणून एवढंच, बाकी वरच्यांनी छान लिहिलंय. झोप किती होते तुमची? बीपी, थायरॉइड, शुगर कधी तपासलंय? सगळंच आत्मिक नसतं आणि शरीर तपासून घेणं म्हणजे अविश्वास नाही. एलीया संदेष्ट्याचं बघा ना, १ राजे १९. कर्मेल डोंगरावर एवढं मोठं काम झालं आणि लगेच हा रतामाच्या झुडपाखाली पडून मरण मागतोय. देवाने आधी काही समजावलं नाही, देवदूताने उठवून भाकर आणि पाणी दिलं, परत झोपू दिलं, परत उठवून खायला घातलं. मग चाळीस दिवसांनी होरेब डोंगरावर विचारलं, एलीया तू इथे काय करतोस? तो आतला प्रश्न आलाच, पण जेवण आणि झोप झाल्यावर आला. समुपदेशक मिळत असतील तर त्यांच्याकडे जा, प्रार्थना थांबवायची गरज नाही त्यासाठी. आणि बायकोला एकटीला विचारा की तिला भीती वाटते का. ती जे सांगेल ते मध्ये न बोलता ऐका.

वाटसरू_७७

सगळ्यांचे आभार. तपासण्या करून घेतल्या, बीपी थोडं वर आहे, गोळी सुरू झालीये. बायकोला विचारलं. ती हो म्हणाली. त्यावर जास्त लिहवत नाही.

वही ठेवली नऊ दिवस. सहा वाक्यं आहेत. "तुम्ही दिलेच नाहीत" हे तर होतंच. मग बायकोचं "ते दोन हजार कुठे गेले?", मुलाचं "पण तुम्हीच म्हणाला होतात", बायकोचं "बिल भरलंय नक्की?", दुकानदाराला मी सुटे दिले असताना तो म्हणाला नाही दिले तेव्हा त्याच्याशीही भांडलो, आणि सहावं वेगळंच आहे, टीव्हीच्या आवाजावरून. पाच एकाच जातीची आहेत हे मलाही दिसतंय. कोणी माझ्यावर शंका घेतली की मी भडकतो. पण का ते कळत नाही, वडिलांनी माझ्यावर कधी शंका घेतली नाही.

जुना_पाळक

बाळा, पोस्ट दोनदा वाचली तुझी. तीस वर्षं मंडळीत, म्हणजे चर्चमध्ये, काम केलं, आता निवृत्त आहे, वेळ आहे म्हणून सविस्तर लिहितो.

चौथ्या शतकात इजिप्तच्या वाळवंटात एव्हाग्रियस नावाचा एक संन्यासी राहायचा, ३९९ मध्ये वारला. माणसाच्या मनात शिरणारे आठ वाईट विचार त्याने नोंदवून ठेवले, त्यात रागाबद्दल एक निरीक्षण आहे जे मी पुढे कितीतरी लोकांच्या बाबतीत खरं होताना पाहिलं. तो म्हणतो राग विशेष करून प्रार्थनेच्या वेळी मनाला पकडतो आणि ज्याने आपल्याला दुखावलं त्याचा चेहरा समोर आणून उभा करतो. म्हणून तुला विचारतो, गुडघ्यावर गेलास की कोणाचा चेहरा येतो? आपण लक्ष विचलित झालं म्हणून तो झटकून टाकतो आणि परत प्रार्थनेला लागतो. झटकू नकोस. एकदा त्या चेहऱ्यापाशी थांब.

आणि "ते तर मी कधीच विसरलो" असं मनात आलं तर योसेफ आठव, ज्याला भावांनीच विकलं होतं. पहिल्या मुलाचं नाव त्याने मनश्शे ठेवलं, कारण म्हणाला देवाने मला माझे सगळे कष्ट आणि बापाचं घर विसरायला लावलं. मुलाच्या नावातच विसरणं घातलं त्याने. मग दुष्काळात भाऊ धान्य न्यायला आले आणि हा त्यांच्यापासून बाजूला जाऊन रडला. विसरलेला माणूस रडत नाही. दुःख खाली बसलेलं होतं, भावांचा आवाज ऐकला आणि वर आलं.

क्षमेचा दाखला तुला पाठ असेल, मत्तय १८. पण त्यातले आकडे आपण नीट बघत नाही. राजाने एका चाकराला सोडलेलं कर्ज दहा हजार तालांत, एक तालांत म्हणजे साधारण सहा हजार दिनार, आणि दिनार म्हणजे मजुराची एक दिवसाची मजुरी. हिशोब केलास तर दीड लाखाहून जास्त वर्षांची मजुरी होते. त्याच चाकराचं दुसऱ्या चाकराकडे येणं होतं शंभर दिनार, आणि ते त्याने सोडलं नाही. पुष्कळ प्रचारक त्याला चिल्लर म्हणतात, मीही म्हणायचो. पण शंभर दिवसांची मजुरी गरीब माणसासाठी चिल्लर नसते रे. येशू असं म्हणतच नाही की तुझं काही गेलं नाही. तुझं खरंच गेलंय, तीन महिन्यांचा पोटाचा घास गेलाय, आणि ते मान्य केल्याशिवाय सोडायचं काय तेच कळत नाही. "जाऊ दे, काही विशेष नाही" म्हणणं ही क्षमा नाही, ते फक्त झाकण आहे. इब्री १२:१५ मध्ये कडूपणाचं मूळ म्हटलंय, आणि मूळ जमिनीखालीच असतं, वर फांदी दुसऱ्याच माणसाच्या अंगणात फुटते.

कोणाला तरी सांग हे. याकोब ५:१६ मध्ये एकमेकांजवळ पापं कबूल करा असं आहे, एकट्याने आत खोदत बसलं की माणूस अंधारात भरकटतो.

वाटसरू_७७

पाळकसाहेब, तुमची पोस्ट वाचून दोन दिवस काही लिहिलं नाही. चेहरा आला. पहिल्याच सकाळी आला, आणि खरं सांगायचं तर तो रोजच येत होता.

११ वर्षांपूर्वी मी आमच्या मंडळीत दानाचे पैसे मोजायला बसायचो. एकदा रक्कम कमी भरली. एका वडीलधाऱ्यांनी उपासना संपल्यावर सगळ्यांसमोर मला उभं करून विचारलं, पैसे कुठे गेले? माझी बायको तिथे होती, मुलगा तेव्हा पोटात होता. मी काहीच बोललो नाही, आवाजच फुटला नाही. दोन आठवड्यांनी वहीत बेरीज चुकलेली सापडली. त्यांनी मला बाजूला घेऊन "झालं गेलं" म्हटलं. सगळ्यांसमोर कोणी काही बोललं नाही. आम्ही मंडळी बदलली आणि मी लोकांना सांगत आलो की घर लांब पडत होतं.

तेव्हा जो आवाज फुटला नाही तो मी माझ्या पोरावर काढतोय.

हे काल रात्री बायकोला सांगितलं. ती त्या दिवशी तिथेच बसली होती तरी आम्ही दोघं ह्यावर ११ वर्षांत एकदाही बोललो नव्हतो. तिच्यासोबतच प्रार्थना केली, त्या माणसाचं नाव घेऊन, काय गेलं ते एकेक बोलून. मग प्रभूला म्हटलं की हे कर्ज मी सोडतो. हलकं वगैरे काही वाटलं नाही, नुसता थकवा आला. पण स्वतःचंही कबूल केलं, की मला निर्दोष ठरवायचं काम मी देवाला दिलंच नाही, रोज घरात कोर्ट भरवून मीच वकील झालो. स्तोत्र ३२ मध्ये दावीद म्हणतो ना, गप्प राहिलो तेव्हा हाडं झिजली, तसं होतं हे.

आज सकाळी मुलापुढे बसून माफी मागितली. "तू चिडवलंस म्हणून" वगैरे काही जोडलं नाही. तो म्हणाला ओके. मग थोड्या वेळाने विचारलं, आता परत ओरडणार नाही का? मी म्हटलं, ओरडलो तर लगेच येऊन चूक सांगीन. तो मानेने हो म्हणाला आणि खेळायला गेला.

आता एक विचारायचंय. ते गृहस्थ अजून त्याच मंडळीत आहेत, वय झालंय त्यांचं. जाऊन भेटू का?

जुना_पाळक

मत्तय १८:१५ प्रमाणे भावाने अपराध केला तर एकांतात जाऊन सांग असं आहे, त्यामुळे जायला हरकत नाही. पण आज नको. आज गेलास तर माफी वसूल करायला जाशील. त्यांनी माफी मागितली नाही तरी तुला झोप येईल असं वाटायला लागलं की जा, आणि एकटाच जा. तोवर रोज त्यांचं नाव घेऊन त्यांच्यासाठी प्रार्थना कर, त्यांच्या तब्येतीसाठी कर. पहिले काही दिवस शब्द जड जातील, तरी बोल.

मोहरीचा_दाणा

भाऊ, वही बंद करू नका अजून. आणि ते सहावं वाक्य, टीव्हीच्या आवाजाचं, त्यामागे काही नसेलही. दिवसभर दमलेला माणूस पण ओरडतो.