अनुभव धागा : आपल्यातला तो दुसरा

परवा एक मैत्रीण तिच्या जुन्या भागीदाराबद्दल सांगत होती. त्यानं तिला धंद्यात साफ बुडवलं. आणि तिची आई अत्यवस्थ होती तेव्हा मध्यरात्री रक्त द्यायला धावत आला तोही तोच. "शिव्या घालायला तोंड उघडते आणि मधेच अडखळते," म्हणाली. "एकतर त्यानं पूर्ण वाईट तरी असावं!"

तेव्हापासून हे डोक्यात आहे. काम, क्रोध, लोभ, मोह, मद, मत्सर यांना आपण षड्रिपू म्हणतो, म्हणजे शत्रू. पण हे शत्रू बाहेरून चाल करून येत नाहीत. घरातच पाट मांडून बसलेले असतात, आणि त्याच पंगतीला दयामायाही असते.

तर लिहा. नावं नकोत, उपदेश नको. शक्यतो स्वतःबद्दल लिहा. दुसऱ्यांच्या वाईटपणाचे किस्से आपल्याकडे पोत्यानं असतात. माझ्याकडेही एक अनुभव आहे, पण आधी तुम्ही. (धीर गोळा करतोय.)

निवृत्त परिचारिका

एकतीस वर्षं वॉर्डात काढली. त्यातली एक रात्र. म्हातारे गृहस्थ, शुद्ध येऊन-जाऊन. दोनच्या सुमाराला मी सलाईन बघायला गेले तर थोरला मुलगा पलंगाशी वाकलेला. एका हातात वडिलांचा अंगठा, चादरीवर शाईचं पॅड आणि कागद. मी ओरडले, ड्युटीवरच्या डॉक्टरांना बोलावलं. तोवर त्यानं कागद घडी करून खिशात घातले होते. पुढे त्या कागदांचं काय झालं ते मला कळलं नाही.

मग त्यानं माझ्याकडे ओला कापूस मागितला. मला वाटलं, पुरावा पुसतोय. पण अंगठ्याची शाई गेल्यावरही तो थांबला नाही. एकेक बोट, बोटांच्या बेचक्या, नखांच्या कडा, तळवा. मग दुसरा हात, ज्याला शाई लागलीच नव्हती. पुढचे चार दिवस तो जमिनीवर सतरंजी टाकून झोपला. लघवीचं भांडं देणं, दर दोन तासांनी कूस बदलणं, सगळं तोच करायचा. धाकटा फोनवरून आम्हाला कायदा शिकवायचा. तो एकदाही आला नाही.

मला विचाराल तर थोरला चोर होता. आणि बापाला इतक्या हळुवार हातांनी पुसणारा मुलगा मी दुसरा पाहिला नाही.

वसुलीच्या फोनवरचा

दोन वर्षं थकलेल्या कर्जांच्या वसुलीचे फोन केले. समोर संवाद छापलेला असायचा. पहिल्या फोनला काय बोलायचं, पाचव्याला काय, रडायला लागले तर काय. 'रडल्यास दहा सेकंद थांबावे' असं खरंच लिहिलं होतं. मी थांबायचो. घड्याळाकडे बघत. एकदा बाईंनी फोन लहान मुलीच्या हातात दिला, आणि मी तिलाच म्हणालो, "आईला सांग, घरी माणसं येतील." हे वाक्य कागदावर नव्हतं. माझं स्वतःचं होतं.

रात्री घरी येऊन मी भाचीला गोष्ट सांगून झोपवायचो. ढोंग नव्हतं हो ते. तेही मीच.

मानसशास्त्र शिकवते

वरचं वाचून स्टॅनली मिलग्राम यांचे प्रयोग आठवले. १९६१ मध्ये येल विद्यापीठात सुरू झालेले. शेजारच्या खोलीतला माणूस उत्तर चुकला की त्याला विजेचा झटका द्यायचा, दर चुकीला व्होल्ट वाढवत जायचे. झटके खोटे होते, पण देणाऱ्याला ते ठाऊक नव्हतं. मूळ फेरीतल्या ४० पुरुषांपैकी २६ जण शेवटच्या ४५० व्होल्टपर्यंत गेले. एवढंच सगळे सांगतात आणि 'माणूस असाच' म्हणून मोकळे होतात.

मला पुढच्या फेऱ्या महत्त्वाच्या वाटतात. समोरच्याचा हात स्वतःच्या हातानं धरून पट्टीवर दाबायला लावला, तेव्हा शेवटपर्यंत जाणारे ३० टक्क्यांवर आले. आणि सोबतच्या दोघांनी 'आम्ही नाही करणार' म्हटल्यावर ४० पैकी फक्त ४ जण उरले. माणसं तशीच, अंतर तेवढं बदललं. आणि शेजारी कोण बसलंय ते.

वसुलीच्या फोनवरचा

आमच्या रांगेत बावीस जण होतो. कोणीच नाही म्हटलं नाही. मीही नाही. एकानं म्हटलं असतं तर बरं झालं असतं, असं वाटतं, आणि तो एक मी का नव्हतो हेही.

मागच्या बाकावरचा

सगळा वरचा रंग आहे. खरवडा, खाली जनावर. पकडलं जायची भीती काढून घ्या, मग बोलू. स्टॅनफर्ड विद्यापीठात १९७१ मध्ये प्रयोगासाठी खोटा तुरुंग मांडला, काही पोरांना कैदी आणि काहींना पहारेकरी केलं, तर पहारेकऱ्यांच्या छळापायी सहा दिवसांत खेळ गुंडाळावा लागला.

पाकीट सापडलेली

त्या स्टॅनफर्डच्या पहारेकऱ्यांना कडक वागायला आधीच सुचवलं गेलं होतं, हे नंतर ध्वनिमुद्रणांतून पुढे आलंय. त्यावर फार इमले बांधू नका.

उलट एक सांगते. २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेला एक अभ्यास आहे. ४० देशांतल्या ३५५ शहरांत सतरा हजारांहून जास्त 'हरवलेली' पाकिटं वेगवेगळ्या ठिकाणच्या कर्मचाऱ्यांकडे दिली गेली. काहींत पैसे, काहींत नाहीत. पैसे नसलेल्या पाकिटांच्या मालकाला कळवणारे साधारण ४० टक्के, पैसे असलेल्यांच्या ५१. म्हणजे मोह जास्त तिथे प्रामाणिकपणाही जास्त! संशोधकांच्या मते त्यामागे एक कारण असं, की माणसाला स्वतःच्या नजरेत चोर ठरायचं नसतं.

मला हे पटतं, कारण मी पाकीट दोन दिवस ठेवून घेतलं होतं. नोकरी गेलेली, भाडं थकलेलं. पैसे मोजले, तीनदा. आत एका म्हाताऱ्या बाईचा फोटो होता, मागे कुणाचीतरी आकडेमोड. पहिल्या दिवशी फोटो उलटा करून ठेवला. दुसऱ्या दिवशी सगळ्या पैशांसकट परत केलं. मालक म्हणाला, "तुमच्यासारखी माणसं आहेत म्हणून जग चाललंय." मान खाली घालून निघाले. त्याला वाटलं असेल, विनय.

जिना उतरताना

मुलाखतीला उशीर झालेला. जिन्यात एक माणूस भिंतीला टेकून बसला होता, श्वास लागलेला. नजरानजर झाली. मी घड्याळ बघितलं, त्यानं मला घड्याळ बघताना बघितलं. मी उतरून गेलो. नोकरी मिळाली.

बाकी काही नाही लिहायचं.

धागाकर्ता

तुम्हाला बरं वाटावं म्हणून नाही, पण प्रिन्स्टनला धर्मशास्त्राच्या विद्यार्थ्यांवर प्रयोग झाला होता, १९७३ मध्ये छापून आला. वाटेत कण्हणारा माणूस बसवला होता. घाईत नसलेल्यांपैकी ६३ टक्के मदतीला थांबले, फार घाईत असलेल्यांपैकी १०. त्यातले काही जण तर वाटेत जखमी माणसाला मदत करणाऱ्या परोपकाऱ्याच्या गोष्टीवरच भाषण द्यायला निघाले होते.

फक्त वाचणारी

माझ्याकडे सांगण्यासारखं काही नाही. जे आहे ते सांगण्यासारखं नाही.

धागाकर्ता

आता माझं. शब्द दिलाय.

शाळेत आमच्या वर्गात एक तोतरा मुलगा होता. त्याची नक्कल मी करायचो. हुबेहूब. मान कशी ताठ व्हायची, डोळे कसे मिटायचे, 'प' वर कसा अडकायचा. वर्ग लोटपोट हसायचा, आणि त्या हसण्याची मला चटक लागली होती. पुढे त्यानं वर्गात हात वर करणंच सोडलं.

तीस वर्षांनी भेटला. छान बोलतो आता, अधूनमधून अडतो. जुन्या गोष्टी निघाल्या. म्हणाला, "तुला आठवतं, भूमितीच्या परीक्षेला तू मला तुझा कंपास दिला होतास? स्वतः अंदाजानं वर्तुळं काढलीस." मला खरंच आठवत नव्हतं. मग म्हणाला, "एक जण मात्र फार छळायचा. नक्कल करायचा माझी." आणि त्यानं दुसऱ्याच एका मुलाचं नाव घेतलं. तो मुलगा फक्त हसायचा, सगळ्यांसारखा.

"अजून आठवला की डोकं फिरतं माझं," तो म्हणाला. "तू तसा नव्हतास."

मी म्हणालो, "हो रे, होता तो तसाच."