जुन्या स्विफ्टचा आवाज सुधारायचाय. आधी काय बदलू? (बजेट १८ हजार)

घाटवाट

नमस्कार मंडळी. गाडी २०१५ ची स्विफ्ट, पेट्रोल, गेल्या वर्षी ओळखीतून सेकंड हँड घेतली. स्टिरिओ कंपनीचाच आहे, यूएसबी आणि ऑक्स चालतं, चारही दारांत स्पीकर आहेत. दर शनिवारी पुणे-सातारा. खंबाटकीच्या चढाला इंजिन ओरडायला लागलं की आवाज वाढवावा लागतो, आणि वाढवला की फाटतो. मी ऐकतो ते मुख्यतः शास्त्रीय आणि नाट्यपद. तबल्याची चाट स्पष्ट कळते, पण डग्गा कुठे गेला ते कळत नाही. तेच रेकॉर्डिंग घरच्या साध्या हेडफोनवर मस्त वाजतं.

एका दुकानात विचारलं. त्याचा सल्ला असा: नऊ इंची अँड्रॉइड स्क्रीन आणि डिकीत बारा इंची बास ट्यूब (नळकांड्यात बसवलेला मोठा स्पीकर), फिटिंगसकट साडेसतरा हजार. दारातल्या स्पीकरचं विचारलं तर म्हणाला, "राहू द्या, कंपनीचे चांगले असतात."

डिकी मला देता येणार नाही, येताना तांदळाचं पोतं आणि आईने दिलेल्या बरण्या असतात. कंपनीची वायर कापायची नाही. स्क्रीनचा हट्ट नाही, नकाशाला फोन आहे. काय करू?

सर्किटराव

घाटवाट, दुकानदाराचा क्रम बरोबर उलटा केलात की तुमचं उत्तर तयार. आधी पुढची दोन दारं, मग पुढचे स्पीकर, मग वाटलंच तर सीटखालचा छोटा सबवूफर (फक्त खालच्या सुरांचा स्पीकर). स्क्रीन सगळ्यात शेवटी, आणि नाही घेतली तरी काही बिघडत नाही.

डग्गा का गायब होतो ते सांगतो. स्पीकरचा कोन (पुढेमागे हलणारा पडदा) पुढे जातो तेव्हा पुढे जसा आवाज जातो तसाच मागेही जातो, फक्त उलटा. घरच्या स्पीकरला बंद पेटी असते, मागचा आवाज तिच्यात राहतो. तुमच्या दारात पेटी नाही. आतल्या पत्र्याला हाताचा पंजा जाईल एवढी भोकं असतात (काच आणि कुलपाचं काम करण्यासाठी) आणि त्यावर पातळ प्लॅस्टिकचा कागद. मागचा आवाज त्या भोकांतून बाहेर येऊन पुढच्या आवाजाला मारतो. खालच्या सुरांत हे सगळ्यात जास्त होतं. म्हणून वीस हजारांचा स्पीकर उघड्या दारात बसवला तरी डग्गा परत येत नाही.

उपाय: ब्यूटाइलची (चिकट रबराची) डॅम्पिंग शीट, म्हणजे थरथर शोषणारी, वर अॅल्युमिनियमची फॉइल असलेली, साधारण २ मिलिमीटर जाडीची. दाराच्या बाहेरच्या पत्र्याला आतून थोडी लावायची. सगळा पत्रा मढवायची गरज नाही, पंचवीस-तीस टक्के भागावर लावली तरी पत्र्याची थरथर बसते. मग आतल्या पत्र्याची भोकं त्याच शीटने बुजवायची. पत्रा आधी स्पिरिटने पुसा, आणि रोलरने दाबा, नुसत्या हाताने नको. डांबराची स्वस्त शीट घेऊ नका. उन्हात उभ्या गाडीत ती वास मारते आणि सुटते.

एक गोष्ट मात्र लक्षात ठेवा, दाराच्या तळाशी पाणी निघायची भोकं असतात. ती चुकूनही बुजवायची नाहीत, नाहीतर दार आतून सडेल.

निळीवॅगन

वाचतोय. माझ्या वॅगन आरचं हेच रडगाणं आहे.

खाडीपलीकडे

सर्किटरावांनी त्या प्लॅस्टिकच्या कागदाचा उल्लेख केला म्हणून लिहितो. तो कागद आवाजासाठी नसतोच. काचेवरून दारात उतरलेलं पाणी केबिनमध्ये येऊ नये म्हणून असतो. मी अलिबागला राहतो. मे महिन्यात स्पीकर बदलून घेतले. फिटिंगवाल्या पोराने कागद टराटरा फाडला आणि चिकटपट्टीचे चार तुकडे मारून दाराचं पॅनल बसवून दिलं. जूनच्या दुसऱ्या आठवड्यात ड्रायव्हरच्या पायाखालचं कार्पेट पिळलं तर तांब्याभर पाणी निघालं. वास जायला दिवाळी उजाडली.

तेव्हा समोर उभं राहून काम करून घ्या. कागद काळ्या चिकट ब्यूटाइलवर बसवलेला असतो, हळू ओढला तर अखंड निघतो आणि परत बसतो. आणि पावसाच्या मुलखात स्पीकर पॉलिप्रॉपिलीन (एक प्लॅस्टिक) कोनचा घ्या. कागदी कोन ऐकायला गोड असतो, पण दमट दारात लवकर मऊ पडतो.

टचस्क्रीन

सगळे स्क्रीनवर का तुटून पडलेत? मी घेतली, मला पश्चात्ताप नाही. मागचा कॅमेरा मिळाला, नकाशा डोळ्यांसमोर आला, फोन मांडीवर ठेवणं बंद झालं. आवाज म्हणजेच सगळं नाही.

सर्किटराव

टचस्क्रीन, मान्य. पण धागा आवाजाचा आहे आणि घाटवाटांना स्क्रीन नकोय. नऊ-दहा हजार तिकडे गेले तर दारांना काय उरणार? शिवाय बिननावाच्या अँड्रॉइड डब्यांचं आतलं अॅम्प्लिफायर (आवाजाला ताकद देणारा भाग) बऱ्याचदा कंपनीच्या स्टिरिओपेक्षा काही सरस नसतं. डब्यावर "५० वॅट गुणिले ४" लिहिलेलं असतं एवढंच.

घाटवाट

ते ५० वॅट खोटे असतात का मग? माझ्या स्टिरिओच्या वॅटचा मला पत्ताच नाही. नवे स्पीकर त्याला झेपतील का?

सर्किटराव

खोटे म्हणण्यापेक्षा क्षणभराचे. हिशोब सोपा आहे. इंजिन चालू असताना गाडीत साधारण १४.४ व्होल्ट असतात. स्टिरिओच्या आत ते वाढवायची सोय नसते. हे झालं लाटेचं टोक, कामाचा आकडा काढायला १४.४ ला १.४१४ ने भागलं की १०.२ व्होल्ट. त्याचा वर्ग १०४, त्याला स्पीकरच्या ४ ओहमने भागा, आले २६ वॅट. हे कागदावरचं टोक. प्रत्यक्षात आवाज न फाटता एका स्पीकरला १५ ते २० वॅट मिळतात. त्यापुढे नॉब फिरवला की लाटेचा माथा कापला जातो, तेच तुम्हाला खंबाटकीत ऐकू येतंय.

पटत नसेल तर स्टिरिओच्या मागचा फ्यूज बघा. बऱ्याच स्टिरिओंना १० अँपिअरचा असतो. १० गुणिले १४.४ म्हणजे सगळं मिळून १४४ वॅट आत येतात, मग २०० बाहेर कुठून पडणार?

म्हणून स्पीकर घेताना डब्यावरचे "३०० वॅट" वाचू नका, सेन्सिटिव्हिटी वाचा, म्हणजे तेवढ्याच ताकदीत तो किती मोठा वाजतो. ८९ डेसिबलऐवजी ९२ चा घेतला तर तेवढ्याच आवाजाला निम्मी ताकद पुरते. तीन डेसिबल म्हणजे दुप्पट वॅट, ते इथे फुकटात मिळतात. तुम्हाला अॅम्प्लिफायर न लावता भागवायचंय, तेव्हा हाच आकडा महत्त्वाचा.

स्विफ्टच्या दारात साडेसहा इंची बसतो. कंपनीचा स्पीकर प्लॅस्टिकच्या सांगाड्यासकट येतो, त्यामुळे नव्याला खाली स्पेसर रिंग लागेल. एमडीएफची (दाबलेल्या लाकडी भुश्याची) रिंग स्वस्त पडते पण ओल धरून फुगते, प्लॅस्टिकची घ्या. स्क्रू आवळण्याआधी काच पूर्ण खाली करून बघा, चुंबकाला घासते का. वायरसाठी गाडीच्या मॉडेलचा कपलर (जोडणीचा तयार प्लग) मिळतो, कापाकापी नाही.

कोअॅक्सिअल (सगळं एकाच स्पीकरमध्ये) की कंपोनंट (वरच्या सुरांचा स्पीकर वेगळा)? गायकी ऐकणाऱ्याने कंपोनंट घ्यावा. ट्वीटर (तो वरच्या सुरांचा छोटा स्पीकर) आरशामागच्या तिकोनी प्लॅस्टिकवर आला की गवई गुडघ्याजवळून उठून डॅशबोर्डवर बसतो. मागच्या दारांना हात लावू नका, फेडर (पुढच्या-मागच्या स्पीकरांमधला तोल) थोडा पुढे सरकवा.

तंबोरा

एक शंका. तुमच्या पेनड्राइव्हमध्ये काय आहे? युट्यूबवरून उतरवलेल्या फायली असतील तर आधी त्या बदला, पैसे लागत नाहीत. मी माझ्या जुन्या सीड्या पुन्हा एकदा नीट, ३२० केबीपीएसवर उतरवून घेतल्या तेव्हा तानपुऱ्याची जवारी गाडीत पहिल्यांदा ऐकू आली. आणि एफएमवर पारख करू नका, त्यात १५ किलोहर्ट्झच्या वरचं काही येतच नाही.

इक्वलायझर सपाट ठेवा, लाउडनेस बंद. आमच्याकडे लोक बास, ट्रेबल दोन्ही शेवटच्या काट्यावर नेतात आणि मग स्पीकर फाटला म्हणून दुकानदाराशी भांडतात. पारखायला विलंबित ख्यालासारखं दुसरं काही नाही. डग्ग्याची घुमक, त्यावरून मनगट सरकवल्यावरची मींड, मागे सतत तानपुरा. ठेक्यातल्या "धिं" आणि "तिं" मधला फरक डोळे मिटून कळला (गाडी उभी करून!) तर समजा काम झालं.

डिकीरिकामी

सीटखालच्या सबवूफरबद्दल. माझ्या आय टेनमध्ये आठ इंची आहे, अॅम्प्लिफायर आतच असतं. उंची ७-८ सेंटिमीटर असते, पण घेण्याआधी शेजारच्या सीटखाली पट्टी घालून मोजा, सीट मागेपुढे सरकवूनही. कंपनीच्या स्टिरिओला आरसीए (सबवूफर, अॅम्प्लिफायरला सिग्नल द्यायची वेगळी पिन) नसेल तर स्पीकर-लेव्हल इनपुट असलेलाच घ्या, स्पीकरच्या वायरवरून सिग्नल मिळतो.

पॉवर थेट बॅटरीवरून, आणि फ्यूज बॅटरीपासून वीतभर अंतरावर. तो फ्यूज सबवूफरसाठी नसतो, वायर कुठे घासून पत्र्याला टेकली तर गाडी पेटू नये म्हणून असतो. अर्थिंगला रंग खरवडून उघडा पत्रा. माझं आधी रंगावरच आवळलं होतं, अॅक्सिलरेटर दाबला की स्पीकरमधून डास गुणगुणावा तसा आवाज चढायचा. वायर शुद्ध तांब्याची मागा. तांब्याचा मुलामा दिलेली अॅल्युमिनियमची सर्रास खपवतात. सुरीने खरवडली की आत पांढरी दिसते.

आणि विमा नूतनीकरणाच्या वेळी हे बाहेरून बसवलेलं सामान पॉलिसीत लिहून घ्या. किमतीच्या साधारण चार टक्के जादा हप्ता पडतो. लिहिलं नाही तर चोरी झाल्यावर त्याचे पैसे मिळत नाहीत.

घाटवाट

अहवाल देतो. नाना पेठेत फिरून कंपोनंट जोडी ५,२०० ला घेतली, ९१ डेसिबलची. शीट, रोलर, रिंगा, कपलर मिळून साडेतीन हजार. रविवारी मी आणि मेहुण्याने दोन्ही दारं उघडली. कंपनीचा स्पीकर हातात घेतला तेव्हा हसू आलं, राव. चुंबक मारी बिस्किटापेक्षा लहान. नव्याचं चुंबकच अख्ख्या जुन्या स्पीकरपेक्षा जड. कागद अखंड निघाला, खाडीपलीकडे यांचे आभार. सकाळी नऊला बसलो ते दुपारी तीनला उठलो. शीटच्या फॉइलने बोटं कापतात हे कुणीच सांगितलं नाही!

दार लावल्यावर आधी "टण" वाजायचं, आता "धप" वाजतं. आवाज मोठा आणि स्वच्छ झालाय. पण डग्गा अजून नाही. आधीपेक्षाही कमी वाटतोय. काय चुकलं?

सर्किटराव

बॅलन्स पूर्ण डावीकडे करा. मग पूर्ण उजवीकडे. एकेकटा वाजताना डग्गा येतो आणि मध्यभागी आणला की जातो, असं होतंय का?

घाटवाट

अगदी तसंच! हे कसं ओळखलंत?

सर्किटराव

एका बाजूचे प्लस-मायनस उलटे लागलेत. एक कोन पुढे जातो तेव्हा दुसरा मागे. स्पीकरला दोन पत्त्या असतात, रुंद ती प्लस, अरुंद ती मायनस. खात्रीला दीड व्होल्टचा पेन्सिल सेल क्षणभर टेकवा. सेलचं प्लस स्पीकरच्या प्लसला लागलं की कोन बाहेर यायला हवा.

घाटवाट

उजवं दार. मेहुण्याने कपलरची वायर "रंगावरून अंदाजाने" लावली होती. दहा मिनिटांत उलटी केली. काल साताऱ्याला गेलो. चढाला आवाज वाढवावा लागला तो दोन काटे, आधी सहा-सात लागायचे. "धिं" कुठे आणि "तिं" कुठे ते कळतंय. येताना बोगद्यात आई मागच्या सीटवरून म्हणाली, "तबलजी बदललास का?"

सबवूफरचे नऊ हजार सध्या खिशातच राहू देतो. एक राहिलं, खालचा सूर लागला की डाव्या दारात काहीतरी किरकिरतं.

डिकीरिकामी

दाराच्या खणात नाणी, पावत्या, काही आहे का बघा. नसेल तर कुलपाच्या सळईला थोडा फोम गुंडाळा, ती शीटला लागत असेल.

घाटवाट

टोलच्या पावत्या आणि एक सुपारी फोडायचा अडकित्ता. अडकित्ता आईचा आहे, काढला.