‘पब’ला मराठीत काय म्हणाल?

भाषांतरवेडा: एका इंग्रजी कथेचं भाषांतर करतोय. घराजवळचा छोटासा पब, संध्याकाळी दोघं मित्र जातात, बिअर घेतात, तिथेच जेवतात. एवढंच. पण ‘पब’ तसाच ठेवला तर आमच्या नाशिकच्या वाचकाला कानठळ्या बसवणारा डीजे आणि दारातले बाउन्सर दिसणार. ‘मद्यालय’ फक्त पेपरात. ‘बार’ला २००५च्या बंदीपासून डान्सबारचा वास चिकटलाय. शब्द सुचवा.

देवळालीकर: परमिट रूम. पाटी डोळ्यांसमोर आणा: ‘फॅमिली रेस्टॉरंट व परमिट रूम’.

भाषांतरवेडा: तोही विचार केला होता, पण अर्थ अगदी उलटा होतो हो. पब म्हणजे मुळात ‘पब्लिक हाउस’, कुणीही यावं असं घर. आणि परमिट रूम म्हणजे परवाना असेल त्यानेच बसायची खोली. १९४९चा दारूबंदी कायदा अजून आहे, कागदोपत्री पिणाऱ्याकडे परवाना लागतोच. (तो विचारतं कोण, हा भाग वेगळा.)

लातूरची लेक: गुत्ता चालेल का? आमच्याकडे गुत्तेदार म्हणजे कंत्राटदार, रस्त्याचं काम घेणारा. गुत्ता म्हणजे मक्ता. दारू विकायचा मक्ता ज्याच्याकडे, त्याचं दुकान ते गुत्ता. हिंदीतल्या ‘ठेक्या’चंही तसंच झालं. सासरी नाशकात मात्र मी पहिल्यांदा ‘भाऊंना रस्त्याचा गुत्ता मिळाला’ म्हटलं, तेव्हा सासूबाईंचा चेहरा बघण्यासारखा झाला होता.

देवळालीकर: 😄 पण गुत्त्यावर देशी मिळते. बिअर प्यायला कोण जातं तिथे?

गोदाकाठचा: एक लक्षात आलं का? गुत्ता, ठेका, परमिट रूम, सगळी नावं सरकारी कागदावरून आलेली. मौजेचा शब्द जागेला मिळालाच नाही, तो क्रियापदाला मिळाला: बसणे. ‘आज बसायचं का?’ म्हटलं की कुठे, कशाला, काही सांगावं लागत नाही. ‘भेटू’ म्हणजे चहा, ‘बसू’ म्हणजे ते. ‘बैठक’ म्हणताना मात्र जपून. आमच्या गल्लीत एक काका दर आठवड्याला बैठकीला जातात, ती निरूपणाची. त्या बैठकीमुळेच त्यांची दुसरी बैठक सुटली.

आमचं ठिकाण सातपूरच्या बाजूला आहे. सहा टेबलं, खिडकीत कूलर. आपण टेकायच्या आत मामा स्टीलच्या ताटलीत शेंगदाणे आणून ठेवतात, वर बारीक कांदा, कोथिंबीर, तिखट, आणि लिंबू आपल्यासमोर पिळतात. ‘नेहमीचं?’ एवढंच विचारतात. बाटलीला घाम सुटलेला असतो, लेबल नखाने आपोआप सोललं जातं. मग भाकरी आणि काळ्या मसाल्याचं मटण. याला आम्ही ‘ठिय्या’ म्हणतो. माझं मत ठिय्याला.

देवळालीकर: ठिय्या म्हटलं की मला कलेक्टर कचेरीसमोरचं आंदोलन आठवतं.

लातूरची लेक: शेंगदाण्यांवरून विचारते, चकणा की चखणा? मराठीत चकणा म्हणजे तिरळा ना?

गोदाकाठचा: हिंदी ‘चखना’, म्हणजे आपलं चाखणं. तोंडात रुळता रुळता ख चा क झाला. लिहिताना मी चखणा लिहितो, मागवताना चकणाच. चिवडा मागवला तर प्रश्नच मिटतो, नाशिकच आहे हे.

भाषांतरवेडा: ठरलं. नाम साधं ठेवतो आणि भार क्रियापदावर टाकतो: ‘दोघं कोपऱ्यावरच्या नेहमीच्या बारमध्ये जाऊन बसले.’ ‘नेहमीच्या’मुळे डान्सबारचा वासही जातो. पण पुढच्याच ओळीत ते ‘पाइंट’ मागवतात. आपल्याकडे पाइंट म्हणजे ३३० मिलीची छोटी बाटली, त्यांच्याकडे ५६८ मिलीचा भरलेला ग्लास. तसाच ठेवला तर दोघं अगदीच कंजूष वाटतील.

देवळालीकर: ६५०ची एकेक द्या की. भाषांतरात थोडं इकडेतिकडे चालतं.